गोड गोळीचे तीन आठवडे

बॉल्टिमोर
९ फेब्रुवारी १९९८

व्हर्नेल,

तुझं जाड पाकीट मिळालं. चार वर्षांत पहिलं पत्र, त्यात तुझ्या हातचं एक पान आणि छापील कागद अकरा. मी चौथीत शाळा सोडलेली, ते वाचायला मला दोन दिवस लागले. कळलं ते असं. ॲटलांटात तुझ्या घरापासून बसने वीस मिनिटांवर एक जागा आहे, तिथे एचआयव्हीने डोकं मंदावलेल्या माणसांना कायमचं ठेवून घेतात. इस्पितळात रॉस्कोच्या नावापुढे जबाबदार माणूस म्हणून माझं नाव आहे, म्हणून सही माझी लागते. तू लिहितेस, खोलीला खिडकी आहे. खिडकी माझ्या स्वयंपाकघरालाही आहे.

तुला कोणी काय कळवलंय ठाऊक नाही, म्हणून माझ्याकडून ऐक.

तुझा मुलगा, माझा नातू, गेल्या उन्हाळ्यापासून हळू झाला. चालणं हळू, बटणं लावणं हळू, बोलणं तर विचारू नकोस. रक्तातला विषाणू औषधांनी दाबून ठेवलाय म्हणतात, पण डोक्यात चिखल करून बसलाय. तबेल्यात सगळे भाजीचे गाडीवाले बादल्या पालथ्या घालून एकमेकांची खेचत बसतात, त्यात तो सगळ्यात तेज होता, तुझ्या बापापेक्षाही. ऑगस्टात एका मंगळवारी बकेट नावाचा गाडीवाला त्याला म्हणाला, "रॉस्को, तुझे बूट बघून घोड्यांनी वर्गणी काढून तुला नाल ठोकायचं ठरवलंय." रॉस्को नुसता बघत राहिला. गुरुवारी तबेल्यात शिरल्या शिरल्या म्हणाला, "निदान माझ्या बुटांना जोडी आहे, तुझ्या दातांना तीही नाही." उत्तर चांगलं होतं. पण कशाचं ते कोणाच्या लक्षात नव्हतं, कोणी हसलं नाही.

आम्ही तरी मनावर घेतलं नाही. कारण त्याची घोडागाडी सकाळी भाजी भरून जात होती आणि चारच्या ठोक्याला रिकामी परत येत होती. गाडीवाला माणूस कसा आहे हे आमच्यात असंच ओळखतात, तू याच घरात वाढलीस, तुला काय सांगायचं. गाडी रिकामी आली म्हणजे माणूस ठीक.

नोव्हेंबरात त्याच्या घोडीचा, डचेसचा, पाय सुजला. मिस्टर टॉलिव्हरने, तबेला अजून त्याचाच आहे, रॉस्कोला दुसरा घोडा दिला, पिल्ग्रिम. तीन वर्षांचा, शेतावरून आलेला, शहरातलं एक दार माहीत नाही. चारला गाडी आली नाही. पाचला नाही. बकेट शोधत गेला तर फ्रीमॉन्टच्या चौकात गाडी उभी. दिवा हिरवा होतोय, लाल होतोय, मागे मोटारी बोंबलतायत, आणि रॉस्को लगाम मांडीवर घेऊन बसलेला. रॉस्को काय सांगतो याची घोडा वाट बघतोय, घोडा कधी निघतो याची रॉस्को. तास दीड तास तसेच होते म्हणे दोघं.

मग सगळ्यांची तोंडं उघडली. सप्टेंबरपासून फेरी करत होती डचेस. चौदा वर्षांची सवय; ती प्रत्येक गिऱ्हाइकाच्या दारात आपली आपण थांबायची, आपली आपण निघायची. बायका खाली येऊन रताळी स्वतः तोलायच्या, पैसे त्याच्या एप्रनच्या खिशात घालायच्या, सुटे स्वतः काढून घ्यायच्या. तो नुसता बसलेला. अख्ख्या रस्त्याला माहीत, मला नाही. "तुला वाईट वाटलं असतं, मिस ओडेसा." म्हणजे घोडीलाही माहीत, आणि मला सगळ्यात शेवटी.

टॉलिव्हरने मुदत दिलीय. मे महिन्याच्या पहिल्या शनिवारी, कॅरोलायनाची स्ट्रॉबेरी आली की रॉस्कोने पूर्ण फेरी करून दाखवायची. पिल्ग्रिमला घेऊन. "डचेस नको, मिस ओडेसा. परीक्षा ती देईल आणि पास हा होईल." नाही जमलं तर गाडी आणि फेरी दुसऱ्याला. आणि फेरी गेली की रॉस्कोने दिवसभर काय करायचं, मला माहीत नाही. तेव्हा तुझ्या कागदांचं बघू.

सही केलेली नाही.

ओडेसा पिंकनी


२६ फेब्रुवारी

व्हर्नेल,

फोनवर ओरडून उपयोग नाही, मला डाव्या कानाने ऐकू येत नाही आणि मी फोन त्याच कानाला लावते.

आज मोठ्या इस्पितळात गेलो होतो. डॉक्टर लेव्हिट म्हणून एक बाई आहे, माझ्या खांद्याएवढी, केस कधी विंचरत नसावी. तिने रॉस्कोपुढे पंचवीस भोकांची फळी आणि पंचवीस खुंट्या ठेवल्या आणि घड्याळ लावलं. त्याला दोनशे चौदा सेकंद लागले. मग मी म्हटलं, मला द्या बघू. मला एकशे वीस लागले, संधिवातासकट. रॉस्को एकतीस वर्षांचा आहे, मी एकाहत्तर.

डॉक्टरीण म्हणाली, "मिसेस पिंकनी, या मंदपणावर आम्ही एक गोळी तपासून बघतोय. मेंदूला जरा धक्का देणारी. रोग बरा करत नाही, विषाणूला हातही लावत नाही, पण काही जणांचा वेग परत येतो. सगळ्यांचा नाही."

गोळीचं नाव तिने लिहून दिलं, ते या पानात बसणार नाही. पण गोळी मी ओळखली. शाळेतली नर्स वांड पोरांना दुपारी देते तीच. मी विचारलं, "ही पोरांना गप्प बसवायला देतात ना? माझा नातू आधीच बटाट्याच्या पोत्यासारखा बसलाय. त्याला आणखी कुठे बसवता?"

ती हसली नाही, हे मला आवडलं. म्हणाली, "डोक्यात पुढच्या टेबलावर एक कारकून असतो समजा. आधी काय, मग काय, ते तो ठरवतो. त्या पोरांचा कारकून सारखा खिडकीबाहेर बघतो, रॉस्कोचा डुलक्या घेतो. गोळी दोघांनाही कामाला लावते."

"आणि आमच्या कोपऱ्यावरची टोळकी हीच गोळी कुटून सुईत भरतात, ते कारकुनाला माहीत आहे का?"

"मला माहीत आहे," ती म्हणाली. "रॉस्को पूर्वी हेरॉइन घेत होता हेही. म्हणून बाटली तुमच्या ताब्यात. तुम्हीच द्यायची, सकाळी आठला आणि दुपारी एकला."

दोन बाटल्या आहेत. तीन आठवडे एक, तीन आठवडे दुसरी. एकीत खरी गोळी, दुसरीत खडू. कुठली कशात, ते डॉक्टरलाही ठाऊक नाही, पाकिटात बंद आहे. शिकलेल्या माणसांचा हा खेळ मला कळला नाही, पण रॉस्कोने सही केली. सही करायला त्याला चार मिनिटं लागली. डॉक्टरीण तोवर खिडकीबाहेर बघत राहिली, घाई केली नाही.

तो सहा वर्षं सुईपासून लांब आहे, व्हर्नेल. सुई सोडतानाच्या त्या आठ दिवसांत बाथरूमच्या दाराला पाठ लावून मी बसले होते, तू नाही. मला गोळ्यांचं कौतुक सांगू नकोस, आणि खिडकीचंही.

ओ. पिंकनी


२० मार्च

व्हर्नेल,

पहिली बाटली संपली. काही फरक नाही. मी सांगितलंच होतं.

खुंट्यांना दोनशे नऊ सेकंद. डॉक्टरीण म्हणाली, हा खडू असू शकेल, दुसरी बाटली बघू. तिचा चेहरा जरा पडला. पडू दे. आजपासून दुसरी सुरू केली.

बाकी इथे नवीन काही नाही. मी पायऱ्या घासते. डचेसचा पाय बरा आहे, ती तबेल्यात उभी राहून जाडी होतेय. शेजारच्या मिस अर्नेस्टीनला लोकांच्या घरात डोकावायची सवय आहेच. परवा पायरीवर उभी राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणते, "ओडेसा, तुला साखर कधी झाली गं? माझी सॅकरिनची दुसरी बाटली नेलीस." कॉफीत घालते म्हटलं. माणसाने कॉफीत काय घालायचं तेही आता विचारून घालायचं का.

तू विचारलंस, तो तुझ्याबद्दल बोलतो का. तुझ्या बापाला पुरून आल्यावर जेवायला बसलो तेव्हा तू सगळ्यांना चिनी मातीच्या बशा दिल्यास आणि त्याला कागदी. त्यावर तो तेव्हाही बोलला नव्हता, आणि तेव्हा तो तेज होता.

ओ. पी.


११ एप्रिल

व्हर्नेल,

काल पाकीट उघडलं. खरी गोळी पहिल्या बाटलीत होती. दुसरी खडू. दोन्हींनी काही झालं नाही. डॉक्टरीण म्हणाली, "मला वाईट वाटतं, मिसेस पिंकनी. हे औषध रॉस्कोला लागू पडत नाही." फाइल मिटली.

टॉलिव्हरच्या मुदतीला तीन आठवडे आहेत. काल दुपारी रॉस्को एक मोजा हातात धरून पलंगावर बसला होता, मी पायऱ्या घासून आले तरी तोच मोजा.

सही केली आहे. कागद सोबत. त्याला सकाळी सांगितलं. 

ओडेसा


१२ एप्रिल, ईस्टर

व्हर्नेल,

काल पाठवलेले कागद फाडून टाक. हे पत्र आधी पोचलं तर ते आले की फाड, नंतर पोचलं तर आत्ता फाड. जपून ठेवलेस तर मी ॲटलांटाला येऊन फाडेन, आणि तुला माझा प्रवास परवडणार नाही.

आता नीट बसून वाच.

पहिल्या बाटलीतली एकही गोळी तुझ्या मुलाच्या पोटात गेली नाही. मी रोज दोन गोळ्या संडासात टाकल्या आणि त्याच्या तळहातावर अर्नेस्टीनची सॅकरिन ठेवली. तीन आठवडे. दिसायला सारखीच, पांढरी, बारीक. पाचव्या दिवशी नाष्टा करताना तो म्हणाला, "आजी, पहिल्या दिवसाची गोळी गोड होती." मी म्हटलं, हल्ली सगळंच गोड करतात, खा. तो खाऊ लागला. पूर्वीचा रॉस्को असता तर माझ्या हातातून बाटली ओढून लेबल वाचलं असतं.

का केलं, ते लिहिते. मी घाबरले होते. कोपऱ्यावर त्याच गोळीसाठी भांडणारी पोरं मी रोज बघते. मला वाटलं, एका सुईतून ओढून काढला, आता डॉक्टरच्या हाताने दुसरीत घालू का. खडूची बाटली सुरू झाली तेव्हा मात्र डॉक्टरणीचा पडलेला चेहरा आठवून मी प्रामाणिकपणे सगळ्या गोळ्या दिल्या. कुठली खरी मला काय माहीत. माझी अक्कल अशी की जी फेकायची ती दिली आणि जी द्यायची ती फेकली.

शुक्रवारी पाकीट उघडलं तेव्हा बोलायला हवं होतं. डॉक्टरीण माझ्यासमोर फाइल मिटत होती आणि माझी जीभ, जी तुझ्या बापाच्या म्हणण्याप्रमाणे झोपेतही थांबत नाही, ती गप्प बसली. लाज वाटली. कबूल करण्यापेक्षा मला तुझ्या कागदावर सही करणं सोपं गेलं. माझ्या लाजेपायी मी पोराला पाकिटात घालून पोस्टात टाकलं.

आज चर्चमधून आलो. जेवायला हॅम केलं होतं. मी कापत होते. रॉस्को समोर बसलेला. काल सकाळी मी जे सांगितलं त्याचं उत्तर त्याने आज दुपारी दिलं. म्हणाला, "जाईन मी, आजी. तू दमली असशील."

मी सुरी खाली ठेवली आणि त्याला सगळं सांगितलं. सॅकरिन, संडास, सगळं.  मग मी कोट घालून घराबाहेर पडून अर्नेस्टीनला तिच्या दोन्ही बाटल्यांचं खरं सांगून आले, म्हणजे आता मागे फिरता येणार नाही. ही बातमी चर्चच्या घंटेपेक्षा लांब जाते.

उद्या सकाळी इस्पितळात जाते.

आई


२४ एप्रिल

व्हर्नेल,

कागद फाडलेस असं कळवलंस. तुकडे पाठवायची गरज नव्हती, पण मोजले, सगळे आहेत.

सोमवारी डॉक्टरीणबाई मोकळी होईपर्यंत मी बाकावर तीन तास बसले. आत गेल्यावर बसा म्हणण्याआधीच सांगून टाकलं. तिने चष्मा काढला, डोळे चोळले, परत घातला.

"मिसेस पिंकनी, माझा सहा आठवड्यांचा अभ्यास तुम्ही बुडवलात."

"बुडवला. आता माणूस बुडवायचा की काढायचा, तेवढं सांगा."

"तुम्हाला कळतंय का, त्याच्या आकड्यांवरून मी ठरवलं असतं की या औषधाचा उपयोग नाही? ते पुढच्या रोग्यांना भोवलं असतं."

हे मला सुचलं नव्हतं. पुढच्या रोग्यांनाही आज्या असतील. मी म्हटलं, "चूक झाली." एवढे दोन शब्द मी तुझ्या बापाला बेचाळीस वर्षांत म्हटले नव्हते, तिला पहिल्या भेटीनंतर दीड महिन्यात मिळाले.

ती बराच वेळ रागावलेली राहिली, आणि रागातच लिहू लागली. रॉस्कोला अभ्यासातून काढून टाकलं. पण तीच गोळी अभ्यासाबाहेर लिहून दिली, साधी, उघड, खडूबिडू काही नाही. सुरुवातीला अर्धी. दर आठवड्याला रक्तदाब बघायचा. गोळी घ्यायच्या आधी जेवण, कारण भूक मरते. दुपारी दोननंतर गोळी नाही, नाहीतर झोप उडते. बाटली माझ्याकडेच, पण आता दर सोमवारी नर्स गोळ्या मोजणार. मी म्हटलं, मोजा. मी तिच्या जागी असते तर माझ्यावर विश्वास ठेवलाच नसता.

पहिले चार दिवस काही नाही. मग गोळी अर्ध्याची पूर्ण केली. तो शनिवार.

आठला पावाचा तुकडा खायला लावून दिली. साडेनऊला मी त्याच्यासमोर मक्याची लापशी ठेवून नेहमीसारखी सुरू झाले, की गार होतेय, तुझ्यासाठी तीनदा गरम करून माझा गॅस संपतोय, तुझ्यापेक्षा डचेस लवकर

"आजी," तो म्हणाला, "गार नाहीये ती. कच्ची आहे."

व्हर्नेल, त्याने माझं वाक्य तोडलं. जवळजवळ वर्षभर या घरात माझं वाक्य कोणी तोडलं नव्हतं. मी आपली एकटीच बोलत होते आणि मला वाटत होतं मी जिंकतेय.

तो स्वतःच दचकला.  मी लापशी चाखली. कच्ची होती.

मग त्याला घेऊन तबेल्यात गेले. तो आत पाऊल टाकतो तोच बकेट ओरडला, "आला गोगलगाईचा मेहुणा!"

रॉस्को थांबलाही नाही. "मी मेहुणा, तर गोगलगाय कोण झाली रे? तूच की." आणि डचेसचा पाय उचलून बघायला लागला.

बकेट बादलीवरून पडला. हसून नव्हे, तो उठायला गेला आणि बादली निसटली. टॉलिव्हरच्या तोंडातली काडी दुसऱ्या गालात गेली.

आता तुला एक सांगायचंय. सांगू की नको असं दोन दिवस चाललं होतं. संध्याकाळी मी रॉस्कोला विचारलं, इतके महिने तू होतास कुठे?

"इथेच होतो," तो म्हणाला. "सगळं दिसत होतं, आजी. मिस लव्हिनिया दर बुधवारी दोन रताळी जास्त घ्यायची तेही. पण मी बोलायला तोंड उघडेपर्यंत दार लागलेलं असायचं."

सप्टेंबरात तू फोन केला होतास, आठवतं? बरा आहेस का म्हणून विचारलंस, जरा थांबलीस, मग मी रिसीव्हर घेतल्यावर मला म्हणालीस, आई, तो गेलाय गं आतून, आणि ठेवलास. मी रिसीव्हर परत त्याच्या हातात दिला आणि स्वयंपाकघरात गेले. परत आले तर रिसीव्हर त्याच्या हातातच होता. त्यात कोणी नव्हतं. त्यात तो म्हणत होता, "बरा आहे, मम्मा. तू कशी आहेस?"

मी तेव्हा तुला कळवलं नाही. तू रडली असतीस आणि मला फोनवर रडणारी माणसं सोसत नाहीत.

रोग आहे तिथेच आहे. सकाळची मूठभर औषधं तीच. दुपारी चारनंतर तो अजून जरा मंदावतो. पण खुंट्या एकशे अठ्ठावीस. मला अजून हरवलेलं नाही.

पुढच्या शनिवारी पिल्ग्रिम.

आई


३ मे

व्हर्नेल,

काल सकाळी सातला त्याने गाडी भरली. स्ट्रॉबेरी पुढे, पालक मध्ये, नवे बटाटे खाली. पिल्ग्रिमला साज चढवला, घंटा बांधल्या, लाल तुरा लावला. डचेसने आतून हे सगळं पाहिलं आणि लाथ मारून फळी मोडली. तिचं तिला कळलंय.

टॉलिव्हर गाडीवर शेजारी बसला, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून. "मी सामान आहे," म्हणाला. "माझ्याशी बोलायचं नाही."

"तुमचा भाव किती लावू?" रॉस्को म्हणाला. "वजनावर गेलात तर आजच श्रीमंत होईन."

मी घरी बसेन असं सगळ्यांना सांगितलं होतं. बसले नाही. चर्चची टोपी घालून, पलीकडच्या फुटपाथवरून, गाडीच्या मागे मागे चालत होते. एकाहत्तराव्या वर्षी. अर्नेस्टीनही आली, तिच्या साखरेसकट. आम्ही दोघी अशा चालत होतो की जणू कुठेतरी वेगळ्याच कामाला निघालोय.

पहिल्या दारात पिल्ग्रिम थांबला नाही, त्याला काय माहीत. रॉस्कोने लगाम ओढला आणि आरोळी टाकली. गेल्या शरदात त्याची आरोळी अर्ध्यात विझायची. काल म्हणाला,

"लाल गंऽऽ लाल! कॅरोलायनाची लाल! उठा बायांनो, नवऱ्याला उठवा, तो नसेल उठत तर शेजाऱ्याला उठवाऽऽ!"

वरच्या खिडकीतून कोणीतरी म्हणालं, "अरे देवा, रॉस्को आला!" आणि खिडक्या उघडत गेल्या.

मिस लव्हिनिया खाली आली. सवयीने सरळ तराजूला हात घातला. रॉस्कोने तिचा हात अलगद बाजूला केला.

"मॅडम, दुकान माझं आहे. काय देऊ?"

तिचा हात तसाच हवेत राहिला. मग म्हणाली, "दोन पौंड पालक, बेटा." त्याने तोलला, बांधला, पैसे घेतले, सुटे दिले, आणि म्हणाला, "रताळी आता मोसमात नाहीत, मिस लव्हिनिया. नाहीतर बुधवारची दोन चालू ठेवली असती." बाई आधी लाल झाली, मग काळजीत पडली, मग इतकी हसली की पायरीवर बसली. "तुला दिसत होतं, मेल्या?" "सगळं." तिने स्ट्रॉबेरीच्या तीन टोपल्या घेतल्या. एकटी राहते ती.

असं दार दार. प्रत्येक बाई तराजूकडे हात नेते आणि प्रत्येकीचा हात तो मागे सारतो. अर्नेस्टीन माझ्या शेजारी नाक ओढत होती. मी म्हटलं, रडायचं असेल तर पुढच्या गल्लीतून चाल.

मग फ्रीमॉन्टचा चौक.

दिवा लाल. गाडी थांबली. मी पलीकडे विजेच्या खांबाला धरून उभी. हिरवा झाला. त्याच क्षणी एक बस पिल्ग्रिमच्या कानाशी फस्सकन हवा सोडून थांबली आणि घोडा मागच्या पायांवर उभा राहिला. बटाटे रस्त्यावर. टॉलिव्हरचे हात मांड्यांखालून सुटले, मी स्वतः पाहिलं, लगामाकडे निघाले.

पण लगाम तिथे नव्हता. रॉस्कोने तो कधीच आखडून घेतला होता. खाली उडी मारून घोड्याच्या तोंडाशी पोचला होता, एका हाताने त्याच्या डोळ्यापुढे आपली टोपी धरली होती, दुसऱ्याने बसवाल्याला खूण करत होता, आणि तोंड चालूच होतं, "अरे ती बस आहे, बस, तुझी सासू नाही. हो ओ ओ. बघ, गेली. ड्रायव्हरसाहेब, तुमच्या पोटातली हवा घरी जाऊन सोडा!" घोडा चार पायांवर आला. रॉस्को त्याला चालवत, चालवत, चौक ओलांडून घेऊन गेला. दिवा अजून हिरवा होता.

मी खांब सोडला. हाताला गंज लागला होता.

टॉलिव्हर उतरून बटाटे गोळा करायला लागला, तर रॉस्को मागे वळून म्हणतो, "मिस्टर टॉलिव्हर, सामानाने सामान उचलू नये. बसा जागेवर."

चार वाजता नाही, पावणेतीनला गाडी तबेल्यात परत आली. रिकामी, पालकाचं पान नाही. टॉलिव्हर उतरला, पाठ सरळ केली, सगळ्यांसमोर म्हणाला, "फेरी त्याची." बकेटने बादली वाजवली. मग काडी थुंकून टॉलिव्हर माझ्यापाशी आला. "मिस ओडेसा, तुम्ही अख्खी फेरी मागे चालत होतात."

"मी माझ्या कामाला निघाले होते."

"कुठल्या?"

मला काही सुचलं नाही. मी उत्तर शोधत उभी राहिले, तोंड उघडं. रॉस्को साज उतरवता उतरवता म्हणाला, "घाई करू नका तिला. गुरुवारपर्यंत सांगेल."

अख्खा तबेला हसला. मीही. माझ्यावर हसलेलं मला चालत नाही, तुला माहीत आहे. काल चाललं.

आता तुझं पत्र. नऊ तारखेला, शनिवारी अकराच्या बसने येतेस म्हणतेस. ये. जेवण आहे, पलंग आहे. बशा सगळ्या चिनी मातीच्या आहेत, मी बघून ठेवल्यात. मात्र बसस्टँडवर घ्यायला कोणी येणार नाही. शनिवारी सकाळी अकराला तुझा मुलगा एडमंडसन अव्हेन्यूवर असतो, कामावर. रस्ता तुला ठाऊक आहे, चालत ये. तो दिसला तर आधी काहीतरी विकत घे, मग बोल, त्याला खोळंबा चालत नाही.

आई